बुडबुड्यांवर जाऊ नका!

घरी लावलेली बियर नीट होतेय की बिघडली, हे ओळखायचं कसं? न्यू जर्सीतल्या एका बेसमेंटमधून थेट रिपोर्ट...

सोमवारची सकाळ, ऑफिसची पॅन्ट्री, हातात कॉफीचा मग. अशा वेळी माणसं काय बोलतात? पुण्या-मुंबईत असाल तर ट्रॅफिक आणि अप्रेझल. अमेरिकेत असाल तर वीकेंडला स्नो किती पडला. आमच्या टीममध्ये मात्र आणखी एक प्रश्न हमखास असतो : 'काय मग, बुडबुडे आले का?'

दचकू नका. आमच्या टीममधले तिघं घरी बियर बनवतात आणि त्यातली एक मी. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, मूळची पुण्याची, सध्या मुक्काम पोस्ट एडिसन, न्यू जर्सी. बियरचं सामान आणायचं, उकळायचं, गार करायचं, हे सगळं एका शनिवारी दुपारी उरकतं. त्यानंतर दोन-तीन आठवडे फक्त वाट बघायची. खरं टेन्शन तिथेच सुरू होतं! बंद बादलीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही आणि प्रत्येक नवशिक्याला एकच प्रश्न छळतो : हे नॉर्मल आहे ना?

याचं उत्तर चुकलं तर दोन घोळ होतात. एक तर छान चाललेली वीस लिटर बियर माणूस घाबरून सिंकमध्ये ओतून देतो. नाहीतर अर्धवट झालेली बियर बाटल्यांत भरतो आणि बाटल्या फुटतात. अक्षरशः फुटतात, काचा उडवत.

आधी कायद्याचं बोलू

१९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि १९७९च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेत घरच्यापुरती बियर बनवायला केंद्रीय कायद्याची आडकाठी उरली नाही. मर्यादा अशी की घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. म्हणजे साधारण ३८० आणि ७६० लिटर. विकायची मात्र नाही! पुढे एकेका राज्याने परवानगी दिली. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं थेट २०१३मध्ये तयार झाली. ब्रिटनमध्ये तर १९६३पासूनच घरगुती बियरला लायसन्स लागत नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं, मग ती बियर का असेना, हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बादली मांडू नका, प्लीज. पण मायक्रोब्रुअरीत बसून ताज्या बियरचा ग्लास हातात घेताना ती कशातून गेली आहे हे माहीत असेल, तर गप्पांत भाव खायला काय हरकत आहे? आणि ऑनसाइट गेलेला एखादा मित्र 'बादलीत काहीतरी झालंय' म्हणून रात्री फोन करेल, तेव्हा कामाला येईल.

बनवणारे आपण नव्हेच

फंडा सोपा आहे. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून जे होतं ते माल्ट. माल्टमधली साखर गरम पाण्यात उतरवायची, त्यात हॉप्सची कडसर फुलं घालून तासभर उकळायचं. हे जे गोड पाणी होतं त्याला वर्ट म्हणतात. ते वीस अंशांपर्यंत गार करायचं, स्वच्छ निर्जंतुक बादलीत ओतायचं आणि वर यीस्टचं अकरा ग्रॅमचं पाकीट सोडायचं. झाकण लावलं की आपलं काम संपलं. साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवायचं काम यीस्टचं.

गंमत बघा, १५१६ सालच्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध शुद्धता कायद्यात बियरसाठी फक्त तीनच गोष्टींना परवानगी होती : पाणी, जव आणि हॉप्स. यीस्टचा पत्ताच नाही! कारण बियर कोण बनवतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १८७६ साली लुई पाश्चरने बियरवरचं आपलं पुस्तक काढलं आणि ती बिघडते ती सूक्ष्म जंतूंमुळे, हे दाखवून दिलं. मग १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने यीस्टचं एकच शुद्ध वाण वेगळं काढून वाढवलं. आज दुकानात पाकीट विकत मिळतं ते या माणसांच्या कृपेने.

पहिले तीन दिवस

झाकण लावल्यावर पहिले काही तास बादली ढिम्म. माझी पहिली बादली होती तेव्हा दर अर्ध्या तासाने मी जिना उतरून बघून यायचे. सहा ते चोवीस तास काहीही न होणं अगदी नॉर्मल आहे. यीस्ट जुनं असेल किंवा खोली थंड असेल तर ४८ तास लागतात, कधी ७२ सुद्धा. यीस्ट तेव्हा झोपलेलं नसतं. वर्टमधला ऑक्सिजन घेऊन ते आपली संख्या वाढवत असतं. तीन दिवस उलटूनही काहीच नाही, मापही तसूभर हललं नाही (मापाबद्दल पुढे सांगतेच), तर नवं पाकीट टाकायचं. त्याआधी नाही.

मग एकदा सुरू झालं की मात्र धमाल. वर फेसाचा जाड थर चढतो. याला क्रॉयझन असा भारदस्त जर्मन शब्द आहे. पांढरट-पिवळा फेस, त्यात हिरवट-तपकिरी डाग आणि कडेला चिकटलेला राडा. उसाचा रस काहिलीत उकळताना मळी वर येते ना, तसंच काहीसं. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, 'गेली ही!' पण ही तर यीस्ट जोरात असल्याची खूण. तीन ते पाच दिवसांत फेस खाली बसतो आणि बादलीच्या आत एक तपकिरी कडं उरतं. फेस इथवर आला होता, याचा तो पुरावा. तळाला साका जमतो, तोही हवाच.

आणखी एक. आंबताना उष्णता तयार होते. जोर असतो तेव्हा बादलीतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असू शकतं. बहुतेक एल यीस्टना १८ ते २२ अंश मानवतात, लागर यीस्टना बरंच थंड, साधारण ८ ते १३. म्हणून थर्मामीटर भिंतीला नको, बादलीला चिकटवा.

एअरलॉकची थाप

झाकणावर प्लॅस्टिकची एक वाकडी नळी असते, अर्धी पाण्याने भरलेली. हा एअरलॉक. आतला वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. गुडुक... गुडुक... आवाज इतका गोड की तासन्‌तास ऐकत बसावं. सगळा घोळ याच आवाजाने होतो. गुडगुड सुरू म्हणजे बियर होतेय, गुडगुड बंद म्हणजे झाली किंवा मेली, असं आपण धरून चालतो. दोन्ही चूक!

बुडबुडे नसतात तेव्हा अनेकदा झाकणच नीट बसलेलं नसतं. वायू कडेच्या फटीतून निघून जातो आणि आत मस्त काम चाललेलं असतं. उलट बुडबुडे येत असतात तेव्हा कधी कधी काम केव्हाच संपलेलं असतं. खोली तापली किंवा हवेचा दाब उतरला, की बियरमध्ये विरघळलेला वायू सुटायला लागतो. आणि शेवटच्या टप्प्यात यीस्ट इतकं हळू साखर खातं की बुडबुडा क्वचितच दिसतो, पण साखर अजून बाकी असते.

मी टेस्टर आहे. स्क्रीनवरचं चक्र फिरतंय म्हणजे प्रोग्रॅम नीट चाललाय, असं मी कधी सर्टिफिकेट देत नाही. बादलीला तरी का द्यावं?

आईचं नाक

फोनवर आईला एकदा विचारलं, 'डोशाचं पीठ आलंय हे तुला कसं कळतं?' ती म्हणाली, 'अगं, वासावरून! आणि सारखं झाकण उघडून बघू नये.' आपण जव आंबवतोय एवढंच मी तिला सांगितलं होतं. पुढचं तिने ओळखलं असणारच, पण तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आईचे दोन्ही नियम बियरला लागू आहेत. झाकण जितकं कमी उघडाल तितकं बरं. बाहेरचे जंतू आणि ऑक्सिजन दोन्ही लांब राहतात. वासाचं म्हणाल तर ताज्या पावासारखा, माल्टचा वास उत्तम. नाकात झिणझिण्या आल्या तर तो कार्बन डायऑक्साइड. सडक्या अंड्यासारखा वास आला तरी बादली ओतू नका. लागर यीस्ट आणि काही एल यीस्टही गंधकाचा वास सोडतात, तो काही दिवसांत उडून जातो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बियर अजून कच्ची आहे. बटरस्कॉचच्या गोळीसारखा वास आला तर तो डायअसेटिल नावाच्या पदार्थाचा. बियर दोन-तीन दिवस जराशा उबेत, यीस्टवरच राहू दिली की यीस्ट तो पदार्थ स्वतःच परत गिळतं. म्हणजे गुडगुड थांबल्यावरही यीस्टकडे साफसफाईचं काम शिल्लक असतं.

मग खरंच बिघडली हे कधी म्हणायचं? लोकरीसारखी केसाळ बुरशी दिसली, हिरवी, काळी किंवा निळसर, तर विषय संपला. ओता. वर कोरडा, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा धरला असेल, दुधावरच्या सायीसारखा, आणि त्यात मोठे फुगे अडकले असतील, तर भलत्याच जंतूंनी घर केलंय. व्हिनेगरसारखा आंबट भपका आला, तर हवा आत गेली आहे. पिवळट-तपकिरी तरंगते तुकडे मात्र बहुतेक वेळा यीस्टचेच असतात. त्यांना घाबरू नका.

पण डोशाच्या पिठात आणि बियरमध्ये एक मोठा फरक आहे. पीठ सकाळी तव्यावर जातं, संपलं. बियर बाटलीत बंद होते आणि आत यीस्ट जिवंत असतं. इथे नाक पुरत नाही. इथे आकडा लागतो.

काचेची नळी, सच्चा दोस्त

लहानपणी दूधवाल्याच्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर टाकलेलं पाहिलंय? हायड्रोमीटर हा त्याचाच भाऊ. काचेची तरंगणारी नळी. द्रवात साखर जास्त, तर नळी वर तरंगते. साखर संपत गेली की खाली बुडते. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसनने १७८४ साली अशा मापाचं महत्त्व ब्रुअर मंडळींना पटवून दिलं.

साध्या पाण्यात मापन १.०००. माझं वर्ट सुरुवातीला साधारण १.०५० असतं. यीस्टच्या माहितीत 'अटेन्युएशन ७५ टक्के' असं काहीतरी दिलेलं असतं. म्हणजे वरच्या ५० पॉइंटपैकी ७५ टक्के उतरणार आणि १.०१२ च्या आसपास थांबणार. सुरुवातीच्या मापातून शेवटचं वजा करून १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते. १.०५० वजा १.०१२ म्हणजे ०.०३८, गुणिले १३१, म्हणजे जवळजवळ पाच टक्के.

माप घेताना निर्जंतुक केलेल्या नळीने शंभर मिलिलिटर बियर उंच सिलिंडरमध्ये काढायची. हायड्रोमीटर हलकेच गोल फिरवायचा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर ते त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. बहुतेक हायड्रोमीटर वीस अंशांना बरोबर मोजतात, काही जुने साडेपंधराला. तेव्हा त्यावर लिहिलेलं वाचा. काढलेला नमुना परत बादलीत ओतायचा नाही, चाखायचा! आणि रिफ्रॅक्टोमीटर नावाचं चकचकीत यंत्र असेल तर जपून, अल्कोहोल तयार झाल्यावर ते थेट खरा आकडा सांगत नाही.

नियम एकच. आकडा अपेक्षेच्या जवळ आलाय आणि तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापं सारखीच आहेत? बियर झाली. नाहीतर नाही.

फेअरवेलची बियर

या नियमाची कसोटी मागच्या जानेवारीत लागली. आमच्या टीममधला एक कोल्हापूरचा दोस्त पाच वर्षांनी कायमचा घरी निघाला होता. फेअरवेलला दुकानातली बियर चालणार नाही, तुझीच पाहिजे, असा त्याचा हट्ट. हातात चार आठवडे होते. दोन बादलीत, दोन बाटलीत, असं बरोबर बसत होतं.

सुरुवात झकास झाली. चौदाव्या तासाला गुडगुड, दुसऱ्या दिवशी फेस. मग थंडीची लाट आली, बेसमेंट चौदा अंशांवर उतरलं आणि पाचव्या दिवशी सगळं शांत. दोन आठवडे झाले त्या शनिवारी दोस्त बाटल्या धुवायला हजर! 'बुडबुडे बंद पडल्यात की. भर की आता बाटल्या!'

माप घेतलं. १.०२२.

दहा पॉइंट बाकी होते. ढोबळ हिशोब असा की मापाचे दोन पॉइंट बाटलीत आंबले, की बियरच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. फसफसण्यासाठी आपण मुद्दाम थोडी साखर घालतो, लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास, त्याने एकूण वायू अडीच पटीच्या जवळ येतो. साधी बियरची बाटली तीन-साडेतीन पटीच्या पुढे धोक्याची. आणि आमच्याकडे तर दहा पॉइंटचेच पाच पट होणार होते, वर साखरेचे वेगळे. चाळीसेक बाटल्या, पार्टीत हातोहात फिरणार. थंड बेसमेंटमधून उबदार खोलीत आल्यावर यीस्ट जागं झालं असतं, तर?

मी नाही म्हटलं. दोस्ताचा चेहरा पडला. 'मी जाणार, आणि तू आकड्यांत बसणार,' असं थोडं लागट बोललाही तो.

यीस्ट मेलं नव्हतं, गारठून तळाला बसलं होतं. आम्ही दोघांनी बादली उचलून वरच्या खोलीत, वीस अंशांत आणली. झाकण न उघडता हलकेच गोल हिंदकळवली, म्हणजे साका वर येतो. ढवळून फेटायचं नाही, त्याने ऑक्सिजन जातो आणि बियर शिळ्या पुठ्ठ्यासारखी लागते. तीन दिवसांनी १.०१६. आणखी तीन दिवसांनी १.०१२. मग पुन्हा १.०१२. आणि पुन्हा १.०१२. या सगळ्या काळात एअरलॉकमधून मोजून चार बुडबुडे निघाले असतील!

शेवटच्या मापाचा नमुना दोस्ताला दिला. कोमट, बिनफेसाचा. त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला. 'गुळचट न्हाई लागत. झाली ही.'

बाटल्या भरल्या तेव्हा पार्टीला चार दिवस उरले होते. फेअरवेलला दुकानातलीच बियर आली. दोस्त रविवारी विमानात बसला. दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. फस्स! वर दोन बोटं फेस, खाली तांबूस, स्वच्छ. त्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. उत्तर आलं : 'एक तरी फुटली का?'

एकही नाही, मी लिहिलं.

'मग बरोबर होतीस.'

फ्रिजवर चिकटवा!

• पहिले २४ तास शांतता : नॉर्मल. ७२ तासांनंतरही माप जागचं हललं नाही, तर नवं यीस्ट.

• जाड, डागाळलेला फेस आणि नंतर उरलेलं तपकिरी कडं : नॉर्मल.

• गुडगुड नाही : आधी झाकणाची कड तपासा, मग माप घ्या.

• गंधक, हिरवं सफरचंद, बटरस्कॉच : थांबा. यीस्टला वेळ द्या.

• केसाळ रंगीत बुरशी : ओता. सुरकुतलेला पापुद्रा किंवा व्हिनेगरचा भपका : बाटल्यांत भरू नका.

• आकडा मध्येच अडकला : १८-२० अंशांच्या उबेत आणा, हलकेच हिंदकळवा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा.

• तीन दिवसांच्या अंतराने मापं सारखी आणि अपेक्षेच्या जवळ : बाटल्या काढा.

• पार्टीची तारीख ठरली आहे म्हणून : कधीच नाही.